पूर्वेच्या आळीसाठी भाजलेलं कार्ड

सुंदररावांनी माझ्याकडे ओव्हन मागितला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, पण स्वयंपाकघरातली एखादी वस्तू त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही. पाणीसुद्धा ते मागत नाहीत, नुसतं खाकरतात.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"आठ मिनिटं."

"आणि भाजायचंय काय?"

त्यांनी हातातलं फडकं उलगडलं. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी होती, तिच्या मधोमध काळा चौकोन.

"लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड," ते म्हणाले.

मी माळ्यावरून ओव्हन काढायला शिडी आणली.

आमचं जुनं गाव धरणात गेलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. सुंदरराव धरणाच्याच कामावर आरेखक होते, म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्या घरांचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर आम्ही दिंद्रुडला राहायला आलो आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी सगळं गाव कॉम्प्युटरवर पुन्हा बांधायला घेतलं. नुसता नकाशा नाही. पडद्यावर गल्लीतून चालत जाता येतं, वळलं की पुढचं घर दिसतं. त्यासाठी पुतण्याचा, पप्पूचा, गेम खेळायचा जुना लॅपटॉप त्यांनी मागून घेतला. तो चार किलोचा आहे आणि चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो.

घरांची माहिती गोळा करायची त्यांची एक रीत आहे. सुरुवातीला ते लोकांना सरळ विचारायचे. सटवा न्हाव्याला विचारलं, तुझ्या दुकानाचं दार कोणत्या अंगाला होतं? सटवा अर्धा तास आढ्याकडे बघत बसला. मग यांनी दार अंदाजानं उत्तरेला काढून त्याला दाखवलं, तर तो खुर्चीतून उठला. "उत्तरेला? उत्तरेला दार आसल्यावर गिऱ्हाईक भिताडातून येत व्हतं का?" तेव्हापासून सुंदरराव प्रत्येक घर मुद्दाम चुकीचं काढतात आणि माणसाला आणून दाखवतात. विचारलेलं कुणाला आठवत नाही, पण चूक दिसली की कुणालाही राहवत नाही. अशा रीतीनं एकशे बारा घरं पुरी झाली. त्यांतली साठेक माझ्या आठवणीतून. मला त्या गावातलं दारन् दार आठवतं, कुणाच्या उंबऱ्याला कोणत्या बाजूला चीर होती तेसुद्धा.

राहिली फक्त पूर्वेची आळी. बौद्धवस्ती. धरणाच्या वेळच्या नकाशात प्रत्येक घराला नंबर होता, पण त्या आळीच्या जागी एक लांबट चौकोन होता आणि त्यात तिरक्या रेषा. त्या रेषा सुंदररावांनीच मारल्या होत्या. "साहेब म्हणाले, तिथं रेषा मारा, वेळ नाही," एवढंच ते सांगतात. ते याबद्दल कधी जास्त बोलले नाहीत, पण चार वर्षं जे काम चाललंय ते एकशे बारा घरांसाठी नाही, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला तर सगळं आठवतं. त्या आळीत मी एकदाही गेले नाही. अकरा वर्षांत. पोरं शाळेत येत होती म्हणून जायचं काम पडलं नाही, असं मी सांगत आले आहे.

त्या आळीतली आठवण शाबूत असलेली एकच व्यक्ती उरली होती, भामाबाई. वय अठ्ठ्याऐंशी. भाच्याकडे, समाधानकडे, माजलगावला आल्या होत्या आणि त्याच दिवशी चारच्या गाडीनं लेकीकडे नागपूरला कायमच्या जाणार होत्या. बाराला समाधान त्यांना आमच्याकडे आणणार होता. सुंदररावांनी आळीतली चौदाही घरं चुकीची काढून तयार ठेवली होती. आणि आदल्या दिवशी पडद्यावर हिरव्या-जांभळ्या उभ्या रेषा आल्या.

बीडच्या दुरुस्तीवाल्या बद्रीनाथनं फोनवरच सांगितलं, "काका, कार्ड गेलं. ह्या मॉडेलचं आता कुटंच मिळत न्हाई. लॅपटॉप घ्या नवा."

गाव पेनड्राइव्हमध्ये सुखरूप होतं. पण समाधानच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं ते उघडायला घेतलं आणि तो तिथंच बसून राहिला. कागदावरचा नकाशा पूर्वी एकदा पाठवून झाला होता. भामाबाईंनी तो उलटा धरून विचारलं होतं, हे कुणाच्या शेताचे बांध हायेत? मग सुंदररावांनी रात्री व्हिडिओ पाहिले. काळ्या चौकोनाखाली शिशाचे बारीक मणी असतात, त्यांना तडा जातो. दोनशे अंशांवर आठ मिनिटं भाजलं तर ते पुन्हा धरतात. कधी कधी.

"दोनशेच पाहिजे," ते म्हणाले. "कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर कार्ड जळेल."

माझा ओव्हन ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची खिडकी असलेला. एक्क्याऐंशी साली औरंगाबादच्या प्रदर्शनातून आणलेला. त्याला आकडे नाहीत. बटणही नाही. पिन लावली की तापतो, काढली की निवतो.

"मग तू नानकटाई कशी करतेस?"

"चिमूटभर मैदा टाकून. साठ मोजेपर्यंत बदामी झाला तर नानकटाई. तीस मोजेपर्यंत गव्हाळ झाला तर पाव."

"दोनशे म्हणजे काय?"

"पाव."

"गव्हाळ म्हणजे नेमका कोणता रंग?"

"गव्हाळ."

त्यांनी वहीत लिहिलं, "गव्हाळ."

कार्डावरचं स्टिकर आणि प्लास्टिक त्यांनी काढलं, कोपऱ्यांखाली चांदीच्या कागदाच्या चार गोळ्या ठेवल्या आणि ताटलीत मांडलं. मी तीन वेळा मैदा टाकला. तिसऱ्यांदा अठ्ठावीसला रंग आला. मी म्हटलं, "ठेवा." मग खिडक्या उघडून आम्ही दोन स्टुलांवर बसलो. मी पिन काढत होते, लावत होते, ते घड्याळ बघत होते. पाचव्या मिनिटाला नव्या वायरीसारखा वास आला.

"या ओव्हनमध्ये परत खायचं काही करायचं नाही," ते म्हणाले. "विषारी असतं. व्हिडिओत पहिल्यांदाच सांगितलंय."

"हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तू दिला नसतास."

दिला असता. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठ मिनिटांनी पिन काढली. झाकण उघडायचं, पण कार्ड हलवायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. ते गार होत असतानाच समाधानची मोटार दारात आली. बाराला यायचे ते साडेदहालाच आले होते. भामाबाई काठी टेकत थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि हुंगलं.

"काय करपलं, मास्तरीणबाई?"

"करपलं नाही. यांच्या कॉम्प्युटरचा तुकडा भाजला."

"शिजला का?"

"गार होतोय."

"होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. समाधान पहिलीत माझ्या हाताखाली होता, दुसरीआधीच आईवडलांबरोबर माजलगावला गेला, आता छप्पन्न वर्षांचा आहे. तो ताटलीकडे बघत म्हणाला, "बाई, हे खरंच चालतं का?" मी म्हटलं, "मला मैदा तेवढा कळतो."

साडेअकराला सुंदररावांनी कार्ड बसवलं, त्यावर पूर्वी बद्रीनाथकडून आणलेलं, उष्णता वाहून नेणारं पांढरं मलम लावलं, स्क्रू आवळले. बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. पडदा काळा राहिला, बराच वेळ राहिला. मग पडदा उजळला. एकही रेघ नव्हती.

"आपण कुठं हाओत?" भामाबाईंनी विचारलं.

"मारुतीच्या पारावर. आता पूर्वेला वळतोय."

पुढचे दोन तास मी फक्त चहा केला. सुंदरराव एकेक घर दाखवत होते आणि भामाबाई त्यांना झोडपत होत्या.

"दार तिकडं कावून केलं? तिकडून नाल्याचं पाणी आत यायचं की! डोकं हाय का न्हाई?"

"बरं, इकडे घेतो."

"ही चूल भाईर? पावसात भाकरी कशी करायची, तुमी छत्री धरून उभे राहणार व्हते का?"

"चूल आत."

"आन् हे झाड कुटलं? हितं झाड न्हाई. हितं मुंजाजीची शेळी बांधायचे. शेळी काढा."

शेळी काढायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. सुंदररावांनी तिथं खुंटी काढली. एक, दोन, पाच, अकरा, तेरा. मला ठाऊक नसलेली तेरा घरं माझ्यासमोर उभी राहिली. शाळेपासून ती शंभर पावलांवर होती. कुणाच्या अंगणात कोण बसायचं, हे भामाबाई सांगत होत्या, आणि त्यातली अर्धी नावं मी हजेरीत घेतलेली होती.

शेवटचं घर भामाबाईंचं. त्यांच्या वडलांचं, शहादेवांचं. ते सुंदररावांनी सगळ्यांत जास्त चुकीचं काढलं होतं, म्हणजे त्या हमखास उसळतील आणि बारीकसारीकही सांगतील. एका खोलीच्या जागी चार खोल्या. चिरेबंदी भिंत. आणि वर माडी, तिला गावाकडे तोंड करून सज्जा.

भामाबाई बघत राहिल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. आम्ही वाट बघत होतो.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

सुंदररावांनी माऊस सोडला. "माडी होती?"

"व्हती की. आतून लाकडी जिना व्हता, तो तेवढा तुमी काढला न्हाई."

गावात माडी एकच होती, पाटलांची. दुसरी असती तर ती शाळेच्या खिडकीतून मला रोज दिसली असती. समाधान खाली मान घालून कपातला तळाचा चहा हलवत होता. त्यालाही ठाऊक असावं. सुंदरराव माझ्याकडे वळले. चार वर्षं घरांबद्दल शंका आली की ते असेच माझ्याकडे वळतात, आणि मी हो किंवा नाही म्हणते.

"त्या आळीत मी कधी गेले नाही," मी म्हटलं. "मला सांगता येणार नाही."

त्यांनी फाईल आहे तशी जतन केली. भामाबाई चारच्या गाडीला गेल्या. जाताना पडद्यावरच्या सज्ज्याकडे बोट दाखवून समाधानला म्हणाल्या, "हितं बसून आमी पोळ्याचे बैल बघायचो."

कार्ड एकोणीस दिवस चाललं. तेवढ्यात सुंदररावांनी आळीचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला, चौदा घरं, चौदा नंबर, एकही तिरकी रेघ नाही. खालच्या कोपऱ्यात सरकारी नकाशात असते तशी चौकट काढली. काढणार, सुंदरराव. तपासणार, भामाबाई. छापायला देण्याआधी जिना राहिलाय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पायऱ्या किती होत्या ते ठाऊक नव्हतं, आणि अंदाजानं काढून पाठवावं तर चूक दाखवतील याची आता खात्री नव्हती. म्हणून त्यांनी नागपूरला फोन लावून सरळ विचारलं.

"नऊ," भामाबाई लगेच म्हणाल्या.

त्यांनी नऊ पायऱ्या काढल्या.