शेवटच्या रांगेपर्यंत

वडनेरात शारदोत्सवाच्या दिवसांत आम्ही नाटक करतो. माझ्या लहानपणी बायकांची कामं पुरुषच करायचे आणि मिशी काढायची म्हटलं की रुसून बसायचे. तालीम मात्र तेव्हाही देवळाच्या सभामंडपात, सगळ्यांसमोर व्हायची. आजही तशीच होते. बायका शेंगा सोलत ऐकतात, पोरं तिथंच झोपतात. महिनाभरात गावाला नाटक पाठ होतं. खेळाच्या दिवशी लोक नुसतं पाहत नाहीत, नटांबरोबर पुटपुटतात.

यंदा आमचे दिग्दर्शक, किराणावाले पुंडलिकराव, यांनी पेपरात नाटकांवर लिहिणारे एक गृहस्थ वर्ध्याहून खेळाला बोलावले. त्यांच्यासाठी पुढे सोफा ठेवला. ते मागे जाऊन बसले.

रविवारी छापून आलं. पडद्यांना बरं म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं, नायिकेचा आवाज मागे पोचतच नाही. तिचे संवाद शेजारच्या प्रेक्षकांच्या तोंडून ऐकावे लागले.

नायिका म्हणजे पुंडलिकरावांची सून हर्षा. तिच्याशिवाय गावातली दुसरी कोणी स्टेजवर उभी राहत नाही.

दुपारी सगळे मंडपात जमले.

"आपण तिकीट लावतो का?" टमाटे विकून आलेला वैभव म्हणाला. "हौसेनं करून राह्यलो. त्याले लिहाचं काय काम?"

"मीच बलावलं त्याले," पुंडलिकराव म्हणाले. "चांगलं लिहिलं असतं तं कात्रण दुकानात लावलं असतं ना? मंग आता काऊन बोंबलाचं?"

"तुमचं काय जाते? स्टेजवरचा तुमचा आवाज तं तिकडं समुद्रपूर गावाले बी ऐकू गेला असंन," वैभव म्हणाला.

एक-दोघं हसले. हर्षा हसली नाही. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"काकू, तुमी दरसाल मागं बसता. खरं सांगा. माहा आवाज येत होता का?"

हो म्हणणार होते. पण तिचा रडण्याचा प्रवेश आठवायला गेले, तर माझेच ओठ हलताना आठवले.

"मले नाई सांगता येत, बाई."

"येत नसंन तं मी पुढच्या साली उभी नाई राहत. मले वाटे, लोक माह्या बोलण्यानं रडतात."

तिनं मला मागच्या भिंतीशी बसवलं आणि स्वतः गाभाऱ्याच्या पायरीवर उभी राहिली. 'बाबा, दार उघडा.' शब्द लख्ख ऐकू आले. पण ते तर मला पाठच होते.

"नाटकातलं नको," मी ओरडून म्हटलं. "दुसरं काई म्हण."

मग तिचे ओठ हलले. बराच वेळ हलले.

"काय म्हणलं मी?" तिनं जवळ येऊन विचारलं.

माझे कानही आता म्हातारे झालेत, हे सांगता आलं असतं. ते सुचलं नाही.

"मधातच टेम्पो गेला ना," मी म्हटलं.

हर्षानं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. तिनं माझा हात धरून मला उठवलं, चपला पुढे सरकवल्या आणि घरापर्यंत सोडलं. वाटेत ती काही बोलली नाही. किंवा बोललीही असेल.