कानातलं नाव

जतच्या ज्योतिबा धनगराच्या मेंढ्याला दोन नावं होती. चारचौघांत तो तांबड्या. खरं नाव घरच्यांनी हळूच घ्यायचं, आणि मेंढा यायचा तोही त्याच नावाला. राघूच्या चोचीसारखं नाक, छाती अशी की समोरच्यानं वाट सोडावी. त्याचं कोकरू विकलं की ज्योतिबा घेणाऱ्याच्या तळहातावर बिरोबाचा भंडारा ठेवायचा आणि कोकराच्या बापाचं खरं नाव त्या माणसाच्या कानात सांगायचा. नाव उघड्यावर आलं की नजर लागते, म्हणून घेणाऱ्यानं शपथ घ्यायची, की ते पुन्हा तोंडातून काढणार नाही. कानात नाव पडलं म्हणजे पैदास अस्सल; नाहीतर कोकराला खाटीक देतो तेवढाच भाव. मीही ते इथं लिहिणार नाही. एक तर देवाची भीती, आणि आता वकिलाचीही.

कडेगावचा वीरधवल, ऊसवाल्या बागाईतदाराचा पोरगा, असाच कोकरू घ्यायला आला. पोटभर जेवला, भंडारा घेतला, कान पुढं केला. जाताना मेंढ्याचे फोटो काढले. भंडारा घेतलेल्या माणसावर संशय घ्यायचा नसतो, असं ज्योतिबाला वाटायचं. माणसानं इतकं भोळं असू नये, पण तो होता.

पुढं एका सकाळी सून सोनिया मोबाइल घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला. पडद्यावर तांबड्याची रंगवलेली चित्रं, आणि प्रत्येकाखाली ते नाव, ठळक अक्षरांत. वीरधवलनं त्या चित्रांची एनएफटी नावाची टोकनं काढली होती. चित्राचा सातबाराच म्हणा, पण संगणकावरचा. कुठली कुठली माणसं ती विकत घेत होती. पाठोपाठ त्याची नोटीसही आली, की या नावानं कोकरं विकाल तर खबरदार.

ज्योतिबा सांगलीला गेला. राजेश्वरी वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"टोकन घेणाऱ्याला चित्राची नोंद मिळते. मेंढा मिळत नाही, नावही नाही," त्या म्हणाल्या. "पण नावाचा ट्रेडमार्क वीरधवलनं मागितलाय. अजून नुसता अर्ज आहे. तुम्ही हे नाव धंद्यात आधीपासून वापरताय एवढं दाखवा, मी तो अर्ज पाडते."

"दावू कसं बाई? आमी ते कुठं लिवलंच न्हाई."

"मग ज्यांना सांगितलं, त्यांना साक्षीला आणा."

चाळीस गावांतली माणसं होती ती, सगळी शब्दाची पक्की, आणि तीच आता अडचण होती.

"त्यांनी भंडारा घेतलाय," ज्योतिबा म्हणाला. "त्ये तोंड उघडायचे न्हाईत."

"तुम्हीच मोकळं करा त्यांना शपथेतून."

"मी कोण मोकळं करणार? शपथ द्येवाची हाय."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. शपथ मोडणाऱ्यानं नाव लिहिलं, पाळणाऱ्यांना ते बोलता येईना. चोराला मोकळं रान मिळतं ते असं.

त्याच आठवड्यात, दिवस कलताना, मेंढरांच्या वाडग्यापुढं एक गाडी थांबली. गॉगल लावलेला एक अनोळखी पोरगा उतरला, मोबाइल समोर धरूनच.

"बाबा, हा आमचा. टोकन घेतलंय मी याचं."

"चित्र तुजं आसंल. मेंढा माजा हाय," ज्योतिबा म्हणाला.

पोरगा हसला. "बघू की, कुणाचं ऐकतो ते."

आणि त्यानं ते नाव घेतलं. मोठ्यानं, रस्त्यावर, जसं आजवर कुणीच घेतलं नव्हतं. मेंढ्यानं मान वर केली. कळपातून वाट काढत तो वाडग्याच्या उघड्या तोंडाकडं निघाला.

"मामा, हाक मारा की त्येला," सोनिया म्हणाली.

नाव ज्योतिबाच्या दातांपर्यंत आलं होतं. समोर मोबाइलचा डोळा रोखलेला, खिशात नोटीस, डोक्यात स्वतःच्या बापानं घातलेली शपथ. स्वतःच्या जनावराला हाक मारायला तो जन्मात पहिल्यांदा भ्याला.

"तांबड्या," तो ओरडला. "आरं तांबड्या, फिर माघारी."

मेंढ्याचा कानही हलला नाही. ते नाव त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तो रस्त्यावर गेला आणि पोराच्या पसरलेल्या हातात नाक घालून उभा राहिला. मागं आणखी एक गाडी येऊन थांबली. तिची काच खाली झाली, आणि आतूनही कुणीतरी तेच नाव घेतलं.