डावीकडचा एकटा वायपर

कुणाचा आवाज म्हणून इकडं तिकडं बघू नका. बोलतोय तो मी, बाबगोंडा पाटलाच्या काळ्या गाडीचा वायपर. गाडीला वायपर दोन असतात. आमच्या गाडीला मी एकटाच, आणि तोही चालवणाऱ्याच्या समोर नाही, शेजारी बसणाऱ्याच्या समोर. सांगताना आजही मान खाली जाते.

मी जन्मानं परदेशी. ज्या गाडीवर मी पहिल्यांदा बसलो तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं, म्हणून माझी जागाही डावीकडंच. तिथं मी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतो. लई मान होता. पुढं ती गाडी मोडीत निघाली आणि मी बेळगावच्या कॅम्पात एका भंगारवाल्याच्या ढिगात येऊन पडलो. तिथून मला उद्यमबागच्या शामू फिटरनं उचललं.

बाबगोंडाची गाडी तेव्हा शामूकडं उभी होती. दोन्ही वायपर हलवणारी मधली पट्टी झिजून तुटली होती. गाडी इतकी जुनी की तसली पट्टी कोल्हापुरापर्यंत मिळाली नाही. मग दोन काढून एकच बसवायचा असं ठरलं. शामूनं मला उजवीकडं लावून बघितलं आणि मान हलवली.

"पाटील, हितं बसत न्हाय. स्टेअरिंगचा दांडा आडवा येतोय. बसला तर डावीकडंच."

"बसव की मग डावीकडं. पासिंगच्या सायबाला हलताना दिसला म्हंजे झालं."

"आणि पावसात तुमच्या म्होरची काच कोण पुसनार?"

"पावसात गाडी काढतंय कोण, लेका!"

शामूनं उजवीकडचं भोक डांबरानं बुजवलं. निपाणीला घरी गेल्यावर बाबगोंडानं वडिलांना, आप्पाण्णांना, सांगितलं, "आप्पा, गाडी नव्यासारखी झालीया." म्हाताऱ्याला ही गाडी पहिल्यापासून नको होती. रोज इकून टाक म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं मी कुठल्या बाजूला बसलोय हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. बाबगोंडाला तेवढंच बरं.

त्याची बायको कांता बाळंतपणाला बेळगावला माहेरी गेली होती. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर बापलेक तिला आणायला निघाले. भर पावसाळा, पण त्या दिवशी सकाळी चक्क ऊन पडलं होतं. येताना आप्पाण्णा मानानं पुढं बसले, माझ्या समोर. कांता मागं मधोमध, मांडीवर बाळ.

संकेश्वर सोडलं आणि आभाळ फुटलं. बाबगोंडानं बटण दाबलं. मी हलायला लागलो आणि तिथंच माझी लाज सुरू झाली. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढची काच मी लख्ख पुसत होतो. जो गाडी चालवत होता त्याच्यापुढं नुसतं पाणी.

"काय झ्याक हलतंय रं!" माझी सरसर ऐकून आप्पाण्णा खूश झाले. "दिसतंय न्हवं नीट?"

"व्हय आप्पा. आरशागत."

मी काचेच्या बाहेर, ती माणसं आत. मला सगळ्यांचे चेहरे दिसायचे. बाबगोंडा मान वाकडी करून माझ्या बाजूनं रस्ता हुडकत होता. कांताला मागून ती मान दिसत होती. मी पुसलेल्या तुकड्यातून रस्ताही दिसत होता. गाडी थांबवा, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात.

तिनं दुपट्यात हात घातला आणि बाळाच्या मांडीला चिमटा काढला.

बाळ किंचाळलं. "थांब रं जरा," आप्पाण्णा म्हणाले, "पोरगं भुकेलंय." गाडी वडाखाली थांबली. कांतानं बाळाला पदराखाली घेतलं. दूध पाजताना ती चिमट्याच्या जागेवरून बोट फिरवत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात बाबगोंडानं बाहेर येऊन खिशातली तंबाखू ओली करून आपल्या बाजूच्या काचेवर खसाखसा चोळली. तंबाखू चोळली की काचेवर पाणी थांबत नाही. निपाणीच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता. चोरून काम चालू होतं.

तवंदीच्या घाटात तंबाखू धुऊन गेली.

पुन्हा पाण्याचा पडदा. कांतानं पुन्हा चिमटा काढला. पण बाळ पोटभर पिऊन झोपलेलं. नुसतं कण्हलं. तिनं अजून जोरात काढला. वळण आलं, आणि मी पुसलेल्या तुकड्यात एक बंद पडलेला ट्रक दिसला. मागं रस्त्यावर धोंडे मांडलेले, आणि ट्रकच्या आडोशाला विड्यांच्या पाट्या पोटाशी धरून उभ्या असलेल्या चार बाया.

"बाबगोंडा! थांब रं!"

आवाज इतका मोठा होता की तो कांताचा असेल असं मलाही वाटलं नाही.

ब्रेक लागला. चाक धोंड्यावर आदळून थांबलं. बाया पाट्या टाकून बाजूला उडाल्या. त्यांतली गुणाबाई खिडकीशी आली, डोकावली, आणि भीती गेल्यावर माणूस हसतं तसं हसायला लागली.

"आगं बया! ही आपल्या पाटलाची सून. नवऱ्याला नावानं वरडतीया की गं!"

बाकीच्याही हसल्या. कांतानं पदर नाकापर्यंत ओढला. बाळ आता कुठं रडायला लागलं होतं.

मग आप्पाण्णा म्हणाले, "तुला दिसत न्हवतं?"

"न्हाय, आप्पा." बाबगोंडा म्हणाला. "संकेश्वरपास्नं न्हाय दिसत."

म्हाताऱ्यानं दार चाचपलं, भिजत खाली उतरले, गाडीला धरत मागं आले. "पोरगं हिकडं दे. तू म्होरं बस, आणि त्याला सांग."

कांता पुढं बसली. खाली मान घालूनच सुरुवात झाली, पण रस्ता बघायचा तर मान वर करावीच लागली. "डावीकडं खड्डा हाय... म्होरनं येस्टी येतीया, हळू घ्या." या गाडीवर आल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर बघणारं माणूस बसलं होतं. मी जीव तोडून पुसलं.

निपाणीची पहिली दुकानं दिसली तसा बाबगोंडा पुटपुटला, "आता गप बस. गाव आलं." आणि उरलेला रस्ता त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून, पावसात भिजत काढला.

गप्प बसून काय होतंय? दुसऱ्या दिवशी विडीच्या कारखान्यात हीच गोष्ट. नळावर कांता दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "पाटलीणबाई, मारा की एक हाक बाबगोंडाला!" त्यालाही चावडीवर ऐकून घ्यावं लागलं. त्यानं पावसात गाडी काढणं सोडलं, मग उन्हातही, आणि गाडी घरच्या तंबाखूच्या वखारीत जाऊन पडली. पुढं आप्पाण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर वखारीत येऊन त्यांनी मला हात लावून बघितलं. मग उजवीकडचं बुजवलेलं भोक चाचपलं आणि परत गेले.

आता मी वखारीतच आहे. रबर उंदरांनी खाल्लं. नुसती लोखंडी काडी उरलीय. कांता कधी तंबाखू उलथायला येते, पण गाडीकडं पाठ करून बसते. ते पोरगं आता शाळेला जातं. चिमट्याचा डाग दोन दिवसांत गेला होता, तरी त्याला अंघोळ घालताना तिचा अंगठा अजून मांडीवर थांबतो, असं ती एकदा इथं बहिणीला सांगत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझ्यामुळं ह्यांची मान खाली गेली."

माझी लाज माझ्यापाशी राहू दे. पण गुणाबाई, तू अजून वखारीसमोरून रोज पाटी घेऊन जातेस. एकदा आत वळ. हसून झालं असलं, तर तिच्याजवळ बस आणि एवढंच म्हण, "बाई, तू वरडलीस म्हणून त्या दिवशी आमी चौघी घरला गेलो."