पत्र्यावरचं तेल

फुंकर रंगारी मला कामाला हात लावू द्यायला तयार नव्हता. घासलेल्या प्रत्येक जागेवर फू करून धूळ उडवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून सगळे त्याला फुंकरच म्हणतात. "वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसा, हे तुमचं काम नाही," म्हणाला.

"आयुष्यभर जळक्या कढया घासल्यात मी," म्हटलं. "हा पत्रा काय वेगळा आहे?"

तारेचा ब्रश दिला त्यानं. खरं सांगायचं तर मला गंजाची हौस नव्हती. घर खायला उठत होतं.

ट्रक आमच्या ह्यांचा. हे झोपेतच गेले, आणि ट्रक घरामागं उघड्यावर उभा राहिला. पावसानं डाव साधला. मग दिरानं गिऱ्हाईक शोधलं, तेही फोनवरूनच. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या दिराचा हात कोण धरणार? "गंज काढून रंग मारून घ्या, रविवारी माणूस बघायला येतोय," एवढं सांगून तो मोकळा झाला.

फुंकर हातोडीच्या दांड्यानं केबिन ठोकत निघाला. खणखण वाजलं की पत्रा शाबूत. भद्द आवाज आला की आतून खाल्लेला. पायरीजवळ, दाराच्या खालच्या कडेला, काचेच्या रबराखाली रंगाचे फुगे आले होते. नख लावलं की पापुद्रा सुटायचा आणि खालून तपकिरी भुगा गळायचा. मी चमक दिसेपर्यंत घासायचे, फुंकर त्यावर गंज मारायचं औषध लावायचा, भोकं बुजवून लांबीची पुट्टी भरायचा.  हात चालत होते, ते बरं वाटत होतं मला.

मग त्यानं ड्रायव्हरची सीट बाहेर काढली. केबिनच्या मागच्या भिंतीचं रेक्झिन केव्हाच फाटून गेलेलं, नुसता उघडा पत्रा. तो सगळा गंजला होता. मधोमध मात्र एक ताटलीएवढा गोल काळपट डाग, आणि त्यात गंजाचा कण नाही.

"दादांचं डोकं," फुंकर म्हणाला.

मला सांगायची गरजच नव्हती. रोज सकाळी हे डोक्यावर तेल थापायचे, आणि माल उतरेपर्यंत त्याच पत्र्याला टेकून डुलक्या काढायचे. घरी उशीचे अभ्रे धुऊन माझे हात भरून यायचे. "अहो, तेल आहे का वंगण?" म्हणून किती ओरडले असेन! पालथ्या घड्यावर पाणी. हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच तेल.

हे गेल्यावर बहीण आली आणि तिनं मायेनं अख्खं घर धुऊन काढलं. अभ्रे सोडा टाकून उकळले, उशा उन्हात घातल्या, शर्टांना इस्त्री केली. त्या रात्री मी ह्यांच्या उशीत तोंड खुपसलं, तर नुसता साबणाचा वास. कुणाला सांगणार? मळक्या अभ्र्यासाठी रडते म्हटल्यावर लोक म्हणतील, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मी फुंकरला चहा आणायला पिटाळलं आणि पत्र्याला नाक लावलं. आधी गंज आला, मग तेल, मग हे. ओक्साबोक्शी रडले मी तिथं.

तो परतला, चहा ठेवला आणि थिनरचं फडकं उचललं. मी ओरडले, "थांब! तेवढं राहू दे."

"तेलावर रंग धरत नाही वहिनी."

"मग नको ना लावू! बाकी सगळं रंगव."

त्यानं मान खाजवली. "राहू देतो. पण ही कड बघा. गंज आत सरकायला लागलाय. दादा रोज टेकत होते म्हणून हा पत्रा टिकला. आता एक तर रंग पाहिजे, नाही तर दुसऱ्या कुणाचं डोकं."

दुसऱ्या कुणाचं डोकं! रविवारचा तो माणूस इथंच बसणार, इथंच मान टाकणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 

"आण इकडे ते फडकं," म्हटलं. "मी पुसते."

थिनर हाताला गार लागला. डोळे झोंबले, ते बरं झालं. पुसून झाल्यावर मी पुन्हा वास घेतला. पत्र्याचा घेतला, फडक्याचाही घेतला. दोन्हीकडे थिनर.

फुंकरनं लाल प्रायमर मारला, आणि रंग निमूटपणे बसला. संध्याकाळी त्यानं सीट जागेवर लावली आणि ब्रश धुवायला गेला. माझी जागा नेहमी डावीकडची. ड्रायव्हरच्या सीटवर मी जन्मात बसले नव्हते. चढले, बसले, स्टिअरिंग धरलं आणि नकळत मान मागं टाकली.

"वहिनी, ओलं आहे!"

उशीर झाला होता. अंबाडा चिकटला. सोडवून वळून पाहिलं तर रंगात माझ्या डोक्याचा ठसा, दोन पांढऱ्या केसांसकट. ह्यांच्या जागेच्या चांगला वीतभर खाली.

"काही बिघडलं नाही, पुन्हा हात मारतो," फुंकर म्हणाला. बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. "केसांना थिनर देऊ?"

"नको. तेलानं निघेल."

कपाटात ह्यांची बाटली होती, अर्धी. बहिणीनं ती तेवढी बाहेरून पुसून ठेवली होती. मी सगळी डोक्यावर ओतली, रंग सुटेपर्यंत चोळलं आणि तशीच झोपले.

सकाळी अभ्र्यावर हा एवढा डाग. माझ्याच बाजूला. आणि ओरडायला घरात कुणी नाही.