अर्धी सिगार

मुलाने, श्रेणिकने दुबईहून सिगारची पेटी पाठवली. दाबून चौकोनी केलेल्या, भारी सिगारी. फोनवर म्हणाला, "बाबूजी, जन्मभर तंबाखू विकलात. ओढून सांगा, कशी आहे."

धानोऱ्याच्या दुकानात बसून मी एक सवयीने मधोमध मोडली. नमुन्यातला अर्धा माझा, अर्धा दुकानातल्या जुन्या सोबत्याचा, आमच्या रेंग्याचा. दोघांना पसंत पडल्याशिवाय दुकानात माल कधी घेतला नाही.

ओढली. भाजल्या शेंगदाण्याची चव, मागून मिरीचा चटका. राख पांढरी, घट्ट. दुसरी अर्धी पुढे धरून विचारलं, "रेंग्या, कशी शे?"

समोरचं बाकडं रिकामं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

मोडून ओढली म्हटल्यावर श्रेणिक फोनवर ओरडला, "एवढी महाग सिगार कोणी मोडतं का! बरं, कशी होती?"

"अर्धीच कळली," म्हटलं आणि फोन ठेवला.