चिंध्या नकोत म्हणणाऱ्यांची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. रंग पाहाल तर अजून डोळे दिपतील, आणि तेच माझं दुखणं आहे.

जुलमी राजाविरुद्ध क्रांतीची लढाई पेटली, तेव्हा गल्लीतल्या बायका बेकरीच्या मागच्या खोलीत जमल्या. डोंगरात लढणाऱ्या पोरांना पांघरूण हवं होतं. जुने, विटके कपडे द्यायला मात्र एकीचंही मन होईना.

"पोरं जिवावर उदार झालीत, आणि आपण चिंध्या द्यायच्या?" सुईणमावशी म्हणाली. तिचा एकुलता एक मुलगा तिकडेच होता. तिने लग्नातली लालभडक शाल काढली आणि कात्री चालवली.

"अगं, तुझ्या लग्नात नवऱ्यापेक्षा हीच उठून दिसत होती!" बेकरीवाली म्हणाली. सगळ्या हसल्या. मावशीही हसली, पण डोळे पुसत. मग पिवळंधमक अस्तर आलं, कुणाची निळी ओढणी आली. केवढा तोरा होता मला तेव्हा!

छावणीतल्या कोठारवाल्याने मला उलगडलं आणि कपाळावर हात मारला. "मायबहिणींनी जीव ओतलाय हो! पण बर्फात ही पांघरली तर शत्रूला लांबूनच दिसेल." पोरं उघड्या उतारावर झोपत, तंबू नव्हतेच. मी कोठारात पडून राहिले.

एका संध्याकाळी मावशीचा मुलगा तिथे आला. त्याने आईची शाल ओळखली, गाल टेकवून क्षणभर उभा राहिला आणि पातळ कोटातच पहाऱ्यावर गेला. त्या हिवाळ्यात त्याच्या पायाची बोटं गेली.

लढाई जिंकल्यावर तो मला घेऊन घरी आला. मावशीने आधी त्याचे पाय पाहिले, मग मला. "गोधडी पुरली नाही का रे?"

"पुरली गं आई. तिच्यामुळेच तर जिवंत परत आलो."

मावशी हे मरेपर्यंत अभिमानाने सांगत राहिली. मला तेव्हा बोलता आलं नाही, हेच बरं झालं.

आता तो म्हातारा झालाय. थंडीत त्याचे पाय ठणकतात, पण आईची आठवण मळेल म्हणून तो मला पेटीतून काढत नाही. मित्रांनो, प्रेमाने दिलेली वस्तू जपायची म्हणजे वापरायची. त्याच्याकडे गेलात तर त्याला विचारत बसू नका. सरळ पेटी उघडा आणि मला त्याच्या पायांवर घाला.