विहीणबाईंचा प्रश्न

ताईला सगळे ताईच म्हणत, पोटची लेकसुद्धा. लेकीने परदेशात फ्रेंच बोलणाऱ्या मुलाशी संसार थाटला होता आणि आता ती सासूला घेऊन माहेरी येणार होती. विहिणीशी नुसतं हसून किती दिवस काढणार, म्हणून ताईने फोनवरून लेकीकडून फ्रेंच शिकायला घेतलं.

"नोकरीबद्दल विचार," लेक म्हणाली. "त्या खूश होतील. पण पुस्तकातलं वाक्य नको, ते फार इस्त्रीचं वाटतं. घरातल्या माणसासारखं विचार. ता बोसे ऊ, आव्हां? म्हणजे, आधी कुठे राबायचीस?"

"अगं, विहिणीला एकदम अगंतुगं?"

"त्यांनीच सांगितलंय तसं."

ताई भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तेच घोकत राहिली. नवऱ्याने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" तर म्हणाली, "विहिणीशी."

पाहुण्या आल्या, जेवणं झाली. हात पुसत ताईने धीर केला. "ता बोसे ऊ, आव्हां?"

विहीणबाईंचा चेहरा खुलला. दोन्ही हातांनी हवेत मोठं चाक फिरवत त्या भडाभडा बोलू लागल्या. लेक सांगत होती, "बस चालवायच्या. शाळेची. थंडीत पहाटे इंजिन तापवत बसायच्या. मुलं अजून रस्त्यात ओळख देतात म्हणे." बोलता बोलता त्यांचा हात नसलेल्या गिअरवर जाऊन थांबला. मग त्यांनी ताईकडे वळून विचारलं, "ए त्वा?"

म्हणजे, आणि तू?

ताई शब्द जुळवत होती तोवर लेकीनेच तिच्या वतीने उत्तर दिलं. त्यातला 'मेझों' हा शब्द ताईला कळला. घर.

"नों," ताई म्हणाली.

लेक चमकली. "काय नों?"

"मी घरीच होते असं सांगू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. तिसऱ्या मजल्यावर."

"ते लग्नाआधी थोडे दिवस ना?"

"तू पोटात येईपर्यंत."

मग ताई मराठीतच बोलत सुटली. कानाला हेडफोन लावल्यासारखा तळवा धरून तिने दाखवलं, बोर्डावर दिवा लागला की दोर कसा उचलायचा आणि भोकात कसा खोचायचा. लाइन जोडली की बाजूला व्हायचं, ऐकत बसायचं नाही. पण पहिला "हॅलो" कानावर पडायचाच. लांबच्या गावचा, महिनोन्महिने वाट पाहिलेला. रात्रपाळीच्या मैत्रिणी एकाच डब्यात जेवायच्या. नोकरी सोडताना साहेब म्हणाले होते, बाळ मोठं झालं की या परत. बाळ मोठं झालं तोवर बोर्डच काढून टाकले होते.

"अजून कधीकधी हात आपोआप वर जातो," ती म्हणाली. नवरा पेपर खाली ठेवून तिच्याकडे बघत होता. ही रात्रपाळी करायची, एवढंच त्याला आठवत होतं.

लेक भाषांतर करायचं विसरूनच गेली होती. विहीणबाईंनी मात्र ताईच्या वर उचललेल्या हाताकडे बघून मान हलवली.

रात्री लेकीकडून सगळं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेनेच हट्ट धरला, जागा दाखव. दोघी बसने गेल्या. एक्स्चेंजच्या इमारतीत आता फरशांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यांवर कसलीशी ऑफिसं. ताईने तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी दाखवली. तिथे कुणीतरी पडदा ओढून घेतला होता. वर जाऊन बघावं असं फार वाटलं, पण काय सांगून जाणार?

विहीणबाईंनी तिच्या कोपराखालून हात घातला आणि काहीतरी विचारलं. ताईला एक अक्षर कळलं नाही. "वी," म्हणत तिने होकार दिला, आणि दोघी आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.